कुंपणाचं काम द्यायचं, पण कोणाला?

दिवाळी झाली, पाऊस हटला, गवत सुकलं, की आमच्या दुकानात सिमेंटच्या आधी तार खपायला लागते. सासऱ्यांनी चिपळुणात सुरू केलेलं हे बांधकाम-सामानाचं दुकान. 1998 पासून गल्ल्यावर मी बसते. कुठला कंत्राटदार कसली तार नेतो, किती गोणी सिमेंट उचलतो आणि दोन वर्षांनी त्याचंच गिऱ्हाईक काय तक्रार घेऊन येतं, हे सगळं माझ्या डोळ्यांसमोरून जातं. या वेळी आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं कुंपणाचीच होती. त्यातली सात इथे घेते. नावं गाळली आहेत, गावं तेवढी ठेवली आहेत.

ताई, दापोली तालुक्यात आमचं जुनं घर आणि 14 गुंठे जागा आहे. आम्ही डोंबिवलीला असतो. सासूबाई होत्या तोवर घर उघडं असायचं. आता गुरं आत शिरतात, दोन कलमं मोडली. चारी बाजू मिळून साधारण 500 फूट भरतात. सिमेंटचे खांब आणि जाळी असं काम दोघांना विचारलं. गावातल्याने सांगितलेल्या आकड्याच्या दोन तृतीयांशात तालुक्याच्या ठिकाणचा एक जण करून द्यायला तयार आहे, तेही आठ दिवसांत. पण निम्मे पैसे आधी मागतो. आम्हाला सारखं येणं जमत नाही. कोणाला काम द्यावं?
*— एक वाचक, डोंबिवली*

दोघांनी सांगितलेले आकडे एकाच कामाचे आहेत का, हे तुमच्या पत्रावरून कळत नाही. ‘खांब आणि जाळी’ एवढंच बोलणं झालं असेल तर दोघांच्या डोक्यात दोन वेगळी कुंपणं आहेत. तेव्हा दर विचारण्याआधी काम कागदावर उतरवा आणि तोच कागद दोघांच्या हातात द्या.

खांबांपासून धरा. 500 फुटांना आठ फुटांवर एक खांब धरला तर 63 खांब लागतात. दहा फुटांवर धरला तर 50. म्हणजे तेरा खांब, तेरा खड्डे आणि त्यांतलं काँक्रीट एका फटक्यात वाचलं. आकडा तिथेच खाली येतो. दहा फुटांवर जाळी मधे झोळ खाते आणि गुरं नेमकी तिथेच मान घालतात. गुरांसाठी कुंपण घालताय तर आठ फूटच धरा.

मग जाळी. तारेची जाडी गेजमध्ये सांगतात आणि हा हिशोब उलटा चालतो. नंबर मोठा तितकी तार बारीक. 10 गेज म्हणजे सव्वातीन मिलिमीटर, 12 गेज म्हणजे 2.6 मिलिमीटरच्या आसपास. बोटांना फरक फारसा जाणवत नाही. पण तितक्याच लांबीच्या 10 गेज तारेत 12 गेजच्या दीडपट लोखंड असतं. म्हणून जाळीचा भाव फुटावर ठरवू नका, किलोवर ठरवा आणि गेज, जाळीचं घर किती इंची, उंची किती हे तिन्ही बिलावर लिहून घ्या. दापोली म्हणजे खारा वारा. जस्ताचा मुलामा बरा नसेल तर तिसऱ्या पावसाळ्यात जाळी तांबडी पडते. जाळीवर आयएस 2721 आणि काटेरी तारेवर आयएस 278 हे मानक आहे. गुंडाळीच्या चिठ्ठीवर ते आहे का, तेवढं बघायला सांगा.

आता खड्डा. सगळी गोम इथे आहे, कारण खड्डा एकदा भरला की आत काय आहे ते कोणाला दिसत नाही. आठ फुटी खांब असेल तर दोन फूट जमिनीत गेला पाहिजे, वर सहा राहील. आपल्याकडे सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, नऊ इंचांवर कातळ लागतो. मग गडी म्हणतो, “कातळ लागला, आता हलायचा नाही.” आणि खांब नऊ इंचांत उभा राहतो. उभा राहतो खरा, पण त्याला एखादं जनावर घासलं की हलतो. म्हणून ‘कातळ लागल्यास ब्रेकर लावून दोन फूट खोल करायचं, त्याचा दर खड्ड्यामागे इतका’ हे वाक्य आधीच लिहून ठेवा. गावातल्याचा आकडा जास्त आहे, त्यामागे तुमच्या जागेत कातळ आहे हे त्याला माहीत असणं हेही कारण असू शकतं. त्याला विचारा.

खड्ड्यातल्या काँक्रीटचा हिशोब मी गल्ल्यावर बसून करते तसा सांगते. एक फूट लांब, एक फूट रुंद, दोन फूट खोल असा खड्डा आणि एकास दोन चार (सिमेंट, वाळू, खडी) असा माल धरला तर एका गोणीत साधारण तीन खड्डे होतात. तुमच्या 63 खांबांना वीस-एकवीस गोणी झाल्या. आमच्याकडे साठ खांबांच्या कामाला सहा गोणी नेणारे येतात. मी विचारते, “बाकीचं कशात बसवणार?” तर म्हणतात, “दगड-माती ठोकून घट्ट बसतं, ताई.” उन्हाळ्यात बसतंही. जुलैत त्याच मातीचा चिखल होतो.

आणखी तीन गोष्टी कागदावर हव्यात. कोपऱ्याच्या खांबाला दोन्ही बाजूंनी तिरके टेकू, लांब सरळ बाजूला दर दहा खांबांनंतर टेकू आणि जाळीच्या आतून वर-मधे-खाली अशा तीन ताणतारा. जाळी नुसती खांबाला बांधली तर ती पडद्यासारखी लोंबते. काँक्रीटचं तोंड खांबापासून बाहेर उतरतं करायला सांगा, म्हणजे खांबाच्या बुडाशी पाणी साचत नाही.

आता माणसाची पारख. दोघांनाही एकच प्रश्न विचारा: “दोन पावसाळे झालेलं तुमचं काम कुठे आहे?” गेल्या महिन्यातलं काम बघून काही कळत नाही, नवीन जाळी सगळ्यांचीच चकचकीत असते. दोन पावसाळे काढलेल्या कुंपणापाशी जा, कोपऱ्याचा खांब दोन्ही हातांनी धरून हलवा, जाळी खालून उचलून बघा आणि त्या घरमालकिणीला विचारा की बोलावल्यावर परत आला होता का. तुम्ही डोंबिवलीला असणार. एखादा खांब कलला तर तालुक्याच्या गावाहून एका खांबासाठी कोण येणार? गावातला माणूस बाजारात जाता-येता तुमच्या दारावरूनच जाणार आहे. त्याचं जुनं काम बरं निघालं, तर मी थोडे जास्त पैसे देऊन त्यालाच काम देईन.

पैशांचं म्हणाल तर निम्मे आधी देऊ नका. पण काहीच देणार नाही असंही म्हणू नका. गड्यांना उचल द्यावी लागते, ब्रेकरचं भाडं आधी भरावं लागतं. सामान तुम्ही घेतलं तर मजुरीचा पाव भाग सुरुवातीला पुरतो. पाव भाग खांब उभे राहिल्यावर, त्यापुढचा जाळी ताणून झाल्यावर द्या आणि शेवटचा दहावा हिस्सा पहिला मोठा पाऊस होऊन गेल्यावर. हे सगळं आधी बोलून ठेवलं की चांगला माणूस रागावत नाही. ज्या दिवशी जे द्यायचं ठरलं ते त्या दिवशी द्या. त्याच्याकडेही चार घरं चुलीसाठी त्या पैशांकडे बघत असतात. सामान मी विकते, म्हणून सामान स्वतः घ्या म्हणते असं वाटेल. कुठल्याही दुकानातून घ्या, फक्त बिल तुमच्या नावाचं करा. कंत्राटदाराने स्वतःच्या बिलावर 18 टक्के जीएसटी लावला तर बिलावर त्याचा नोंदणी नंबर आहे ना हे बघा. नोंदणी नसलेल्याला तो कर घेता येत नाही.

येणं जमत नाही म्हणता. एकदा मात्र आलंच पाहिजे, खड्डे भरायच्या दिवशी. तेही नाहीच जमलं तर एक उपाय आहे. आमच्या दुकानात बांबूच्या काठ्या ठेवलेल्या असतात, खालून दोन फुटांवर लाल रंगाची पट्टी मारलेली. गिऱ्हाईक ती काठी शेजारच्या शाळकरी पोराच्या हातात देतं. पोरगा एकेका खड्ड्यात काठी उभी करतो आणि मोबाइलवर फोटो काढतो, पट्टी जमिनीला टेकलेली दिसली पाहिजे. मागच्या वर्षी खेडच्या एका बाईंनी असे 41 फोटो मागवले. सात खड्ड्यांत पट्टी वीतभर वर होती. ते सात खड्डे पुन्हा खणून घेतले आणि मगच काँक्रीट पडलं. कंत्राटदार तोच, भांडण काही झालं नाही.

शिमग्याच्या आत काम उरकायचं ठरवा. त्यानंतर माणसं मिळत नाहीत आणि आंब्याच्या दिवसांत तर मुळीच नाहीत.

बारामतीजवळ आमचा बंगला आहे. सहा फुटांची विटांची कंपाउंड वॉल बांधून पाच वर्षं झाली. मधे उभी चीर पडली आहे आणि भिंत रस्त्याकडे झुकल्यासारखी वाटते. कंत्राटदार म्हणतो, चीर भरून वर गिलावा करू, काही होत नाही. त्याचं ऐकावं का?
*— एक वाचक, बारामती*

नाही. आधी भिंतीचं दुखणं बघा. एक ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेलं वजन घ्या, भिंतीच्या माथ्यावरून सोडा आणि दोरी भिंतीपासून वर किती अंतरावर, खाली किती अंतरावर ते मोजून लिहून ठेवा. चिरेवर आडवी एक पातळ काचेची पट्टी दोन्ही टोकांना सिमेंटने चिकटवा आणि शेजारी पेन्सिलीने तारीख टाका. पट्टी महिन्या-दोन महिन्यांत तडकली तर भिंत अजून सरकते आहे. सरकत्या भिंतीवर केलेला गिलावा त्याच रेषेवर परत फुटतो.

तुमच्याकडे काळी माती आहे. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, आणि दर वर्षी वर-खाली होते. दीड-दोन फुटांवर काळ्या मातीतच पाया ठेवलेली भिंत तिच्याबरोबर हलणारच. अशा जागी पाया मुरूम लागेपर्यंत खाली न्यावा लागतो. नाहीतर ठरावीक अंतरावर खोल खांब घेऊन त्यांवर तुळई आणि तुळईवर भिंत. लांब भिंतीत पंधरा-वीस फुटांवर सांधाही सोडायला हवा. तुमच्या भिंतीत तो बहुधा नाही, म्हणून भिंतीने स्वतःच चीर पाडून घेतली. परिसरातल्या एखाद्या इंजिनिअरला फी देऊन दाखवा. कंत्राटदाराच्या बोलण्यावर हा निर्णय सोडू नका. गिलाव्याचं काम त्याला मिळणार आहे, भिंत पाडायचं त्याच्या मनात कशाला येईल?

भिंत आतल्या बाजूला भर टाकून वर आणलेल्या बागेला टेकलेली आहे का, हे तुम्ही लिहिलं नाही. तसं असेल तर पाण्याला वाट आहे का ते आजच बघा. हे मी स्वतः सोसलं आहे. आमच्या घराची जांभ्या दगडाच्या चिऱ्यांची भिंत होती, आतून तीन फूट भर. बांधणाऱ्याला मी पाणी जायच्या भोकांचं विचारलं होतं. तो म्हणाला, चिरा पाणी पितो, भोकं कशाला? मी मान डोलावली. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी नदीचं पाणी आलं तेव्हा भिंत उभी होती. पाणी आत तेवढंच, बाहेर तेवढंच. दुसऱ्या दिवशी बाहेरचं उतरलं. आतली भर पाण्याने टच्च भरलेली, त्या पाण्याला जायला जागा नाही. दुपारी आम्ही दुकानातल्या दगड झालेल्या गोण्या बाहेर काढत होतो, तेव्हा चाळीस फूट भिंत एका दमात रस्त्यावर आडवी झाली. तिच्या कडेने शेजारची दोन मुलं पाच मिनिटांपूर्वी गेली होती. आता नव्या भिंतीत दर पाच फुटांवर तीन इंची पाइप आहे, बाहेरच्या बाजूला उतार देऊन, आणि पाइपाच्या आतल्या तोंडाशी खडीचा ढीग आहे, म्हणजे मातीने तो बुजत नाही.

2019 च्या जूनअखेरीस पुण्यात कोंढव्याला सोसायटीची भिंत शेजारच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळून 15 माणसं गेली, त्यात लहान मुलंही होती. तीन दिवसांत मालाडलाही भिंत पडली आणि तिथे त्याहून जास्त गेली. तुमची भिंत रस्त्याकडे झुकते आहे. इंजिनिअर येईपर्यंत बाहेरून दोरी बांधा, मुलांना आणि गाड्यांना तिथे थांबू देऊ नका.

नवी बांधाल तेव्हा उंचीचा नियम पाळा. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत बंद भिंत दीड मीटरपर्यंत आहे. त्याहून उंच, 2.4 मीटरपर्यंत जायचं तर वरचा 90 सेंटिमीटरचा भाग जाळी किंवा रेलिंग असा उघडा ठेवावा लागतो. मला हा नियम पटतो. वजन कमी होतं आणि वारा आरपार जातो.

रत्नागिरी तालुक्यात आमच्या आणि शेजाऱ्यांच्या मधे जुना गडगा (दगड रचून केलेली हद्दीची भिंत) आहे. तो ढासळला म्हणून आम्ही तिथे तारेचं कुंपण घालणार होतो. शेजारी म्हणतात गडगा आमच्या हद्दीत आहे. कंत्राटदार म्हणतो, रविवारी चार गडी आणतो, एका दिवसात घालून टाकतो, मग बसू दे त्यांना ओरडत.
*— एक वाचक, रत्नागिरी*

त्या कंत्राटदाराला काम देऊ नका. तो सोमवारी दुसऱ्या गावी असेल आणि तुम्ही त्या शेजाऱ्यांच्या शेजारी पुढची तीस वर्षं राहाल.

मोजणीचा अर्ज करा. तालुक्याच्या भूमी अभिलेख उपअधीक्षक कार्यालयात तो जातो, ऑनलाइनही भरता येतो. लगतच्या सगळ्या खातेदारांना नोटीस जाते, भूकरमापक येऊन हद्दीच्या खुणा दाखवतो, मग मोजणी नकाशाची ‘क’ प्रत मिळते. शेजाऱ्यांना ती मान्य नसेल तर ते निमताना मोजणी, म्हणजे फेरमोजणी मागू शकतात, तो त्यांचा हक्क आहे. मोजणीच्या दिवशी कंत्राटदाराला बोलावून ठेवा. खुणा दाखवल्या की तिथल्या तिथे दोन्ही घरांच्या समोर चुन्याची फक्की टाका आणि कोपऱ्यांवर दगड पुरून घ्या. आठवड्याने येऊ म्हटलं तर लाकडी खुंट्या जळणात गेलेल्या असतात.

त्याआधी एकदा शेजाऱ्यांकडे जाऊन बसा. गडगा दोघांच्याही उपयोगाचा आहे. आमच्या माहेरी असाच गडगा होता. काकांनी शेजाऱ्यांना म्हटलं, दगड तुमचे, मजुरी आमची, आणि तो पुन्हा त्याच जागी रचला गेला. तार लागलीच नाही. ढासळलेला गडगा रचणारे जुने गडी अजून मिळतात. सिमेंटशिवाय नुसते दगड एकमेकांत अडकवून रचलेला गडगा पाणी अडवत नाही, म्हणून टिकतो.

आणखी एक बघा. त्या बाजूने पाणवठ्याला किंवा मागच्या घराला जायची जुनी पायवाट आहे का? कुंपणाने वहिवाटीची वाट अडवली तर 1906 च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदार ती मोकळी करायला लावू शकतात. मग तारही जाईल आणि मजुरीही.

कंत्राट 90 हजारांचं ठरलं होतं, 40 हजार आगाऊ दिले. माणसाने वीस खड्डे खणले आणि दोन महिने झाले, फोन उचलत नाही. लिहून काहीच घेतलं नव्हतं. पैसे मोबाइलवरून पाठवले होते. आता हे पैसे गेले असंच धरायचं का?
*— एक वाचक, कोल्हापूर*

गेले असं धरू नका. मोबाइलवरून पाठवलेत ही चांगली गोष्ट झाली. तारीख, रक्कम आणि कोणाला पाठवले हे बँकेच्या उताऱ्यात आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं पुसू नका. ‘उद्या गडी पाठवतो’ असा त्याचा एक निरोप सापडला तरी काम ठरलं होतं हे त्यातून दिसतं.

आज पहिलं काम खड्ड्यांचं. वीस उघडे खड्डे म्हणजे रात्री कोणाचा तरी पाय मोडणार. फोटो काढा, दोघा शेजाऱ्यांसमोर मोजा, एका कागदावर संख्या आणि खोली लिहून त्यांच्या सह्या घ्या, मग फळ्या किंवा पत्रे टाकून झाका. हे झाल्याशिवाय दुसऱ्याला त्या जागेत हात लावू देऊ नका, नाहीतर पहिला म्हणेल सगळं मीच केलं.

मग त्याला पत्र लिहा. स्पीड पोस्टाने पाठवा, पोच जपून ठेवा. त्यात शिव्याशाप नकोत. काय ठरलं, किती दिले, किती काम झालं, आणि पंधरा दिवसांत काम सुरू कर किंवा झालेल्या कामाचे पैसे कापून बाकी परत कर. वीस खड्ड्यांची मजुरी त्याला द्यावी लागेल, ती मनात धरा. मी पाहिलं आहे, निम्मी प्रकरणं या पत्रावरच मिटतात, कारण माणूस बहुतेक वेळा दुसऱ्या मोठ्या कामात अडकलेला असतो आणि तोंड दाखवायची लाज वाटत असते.

नाहीच आला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर आहे. पुढे जिल्हा ग्राहक आयोग. पैसे देऊन घेतलेली सेवा अर्धवट राहिली, ही तक्रार तिथे चालते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील दिलाच पाहिजे असं नाही आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते.

आमच्या परसात रानडुकरं येतात. तार बांधणारा म्हणतो, रात्री घरातल्या बोर्डावरून एक फेज तारेला जोडून देतो, पुन्हा येणार नाहीत. हे बरं आहे का?
*— एक वाचक, सावंतवाडी तालुका*

तसं करू नका, आणि त्या माणसाला घरातही घेऊ नका. 230 व्होल्टचा तो प्रवाह डुकराला मारतो तसाच पहाटे फुलं काढायला आलेल्या शेजारणीला मारतो, तुमच्या गड्याला मारतो, तुमच्या नातवाला मारतो. अशी माणसं गेल्याच्या बातम्या महाराष्ट्रात दर पावसाळ्यात येतात. जोडणाऱ्यावर आणि घरमालकावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल होतो.

सौर कुंपण ही वेगळी गोष्ट आहे. त्यात बॅटरीवर चालणारं यंत्र असतं, ते साधारण सेकंदाला एकदा क्षणभराचा झटका देतं. जनावर दचकून मागे सरतं, चिकटून राहत नाही. यंत्र मानकाप्रमाणे असलेलं घ्या, बसवणाऱ्याकडून त्याची अर्थिंग समोर करून घ्या, तारेवर ठळक पाट्या लावा आणि खालचं गवत कापत राहा. गवत तारेला टेकलं की झटक्याचा जोर जमिनीत जातो.

12 फुटी लोखंडी गेट एका वर्षात खाली बसलं, जमिनीला घासतं. वेल्डर म्हणतो नवीन करू.
*— एक वाचक, सांगली*

गेट बदलायच्या आधी ज्या खांबावर ते टांगलं आहे तो खांब बघा. गेट उघडून त्याच्या टोकाला थोडा जोर द्या आणि दुसऱ्या कोणाला तरी खांबाच्या बुडाशी बघायला सांगा. खांब हलत असेल तर नवं गेटही बसणार. खांब पक्का असेल तर बिजागऱ्या झिजल्यात का ते बघा, त्या बदलून भागतं. बारा फुटी एका पाखाचं वजन दोन बिजागऱ्यांना पेलत नाही. तीन हव्यात आणि टोकाला खाली चाक, चाकाखाली पट्टी. नाहीतर सहा-सहाची दोन पाखं करा. वेल्डिंग झाल्यावर सांधे घासून त्यांवर रेड ऑक्साइडचे दोन हात मारल्याशिवाय वेल्डरला पूर्ण पैसे देऊ नका. गंज सांध्यातच सुरू होतो.

कंत्राटदाराचा खर्च झेपत नाही. झाडांचं कुंपण चालेल का? शेर लावा असं एकाने सुचवलं.
*— एक वाचक, माणगाव तालुका*

चालेल, आणि मला मनापासून आवडेल. फक्त घरात लहान मुलं असतील तर शेर लावू नका. त्याचा चीक डोळ्यांत गेला तर नजर जाऊ शकते. छाटताना मोठ्यांच्याही डोळ्यांत उडतो.

गिरिपुष्प लावा. मनगटाएवढ्या जाड, पाच-सहा फुटी फांद्या तोडायच्या, खालचं टोक तिरकं कापायचं आणि पहिले दोन चांगले पाऊस झाले की दीड-दीड फुटावर पुरायच्या. बहुतेक जगतात. तिसऱ्या वर्षी त्याच फांद्यांना काटेरी तारेचे दोन पदर बांधता येतात, म्हणजे खांबांचा खर्च वाचतो. तार थेट खोडाभोवती आवळू नका. मधे लाकडाची चिपटी ठेवा, नाहीतर झाड तार गिळतं. पाला भातखाचरात खत म्हणून जातो. मधल्या फटींत सागरगोटा किंवा करवंद लावलं की गुरं तोंड घालत नाहीत.

फांद्या पुरायला गावातले दोन गडी दोन दिवस लागतील. त्यांना उन्हाळ्यातच सांगून ठेवा. पाऊस लागला की सगळे लावणीला जातात. फांद्या कोणाच्या बांधावरून आणायच्या तेही त्यांनाच विचारा, कुठल्या बांधावरचा गिरिपुष्प यंदा छाटायचा राहिलाय ते त्यांना ठाऊक असतं.